गुरबत आणि सिला : एका रस्त्याचा इतिहास

नववीच्या वर्गात महायुद्धानंतरचा युरोप शिकवताना मी नकाशावर एक रेघ ओढते. पाठ्यपुस्तकात ती नाही. जर्मनीतल्या कोलोनहून निघून म्युनिक, साल्झबर्ग, ग्राझ, झाग्रेब, बेलग्रेड, निश, सोफिया, एदिर्ने असे करत ती इस्तंबूलला पोहोचते. अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर. या रेघेवरून कोणा सुलतानाची स्वारी गेली असेल, असे मुलांना वाटते. ते खरेच आहे. रोमन फौजा आणि पुढे उस्मानी फौजा बेलग्रेड ते इस्तंबूल याच वाटेने ये-जा करीत. पण मला सांगायचा असतो तो प्रवास वेगळ्याच लोकांचा. दर उन्हाळ्यात बायकामुलांसह जुन्या मोटारी हाकत गावी जाणाऱ्या कामगारांचा.

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. माणसाने यावे, दोन वर्षे राबावे आणि परत जावे, अशी मूळ कल्पना. शिकवून तयार केलेला कामगार दोन वर्षांनी घालवणे कारखानदारांनाच परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ती अट गेली. जर्मनांनी या लोकांना ‘पाहुणे कामगार’ म्हटले. पाहुण्याला कामाला जुंपायचे, ही मेहमाननवाजी आपल्या समजुतीपलीकडची!

तुर्की लोक स्वतःला ‘गुर्बेतची’ म्हणवीत. शब्द आपल्या ओळखीचा आहे. उर्दूत ‘गुरबत’ म्हणजे आता गरिबी. पण जुन्या शायरीत तिचा अर्थ परदेश, वतनापासून दूर असणे. तुर्कीत तोच अर्थ आजही चालतो. आणि ज्या गावाची ओढ लागते ते ‘सिला’. सिला-रहमी, म्हणजे नातेवाइकांशी संबंध न तोडणे, हे आपण लहानपणी मदरशात शिकलो. त्यातलाच हा सिला. म्हणून या रस्त्याला त्यांनी नाव दिले ‘सिला योलू’, सिलाची वाट. सरकारी नकाशावर तिचा क्रमांक होता ई-५.

या प्रवासाची तयारी हिवाळ्यातच सुरू होई. आधी गाडी. जुनी ओपेल किंवा फोर्ड घ्यायची. मुले जास्त असतील तर ट्रान्झिट व्हॅन, कारण तिच्यात मागे गादी टाकून चौघे-पाचजण झोपू शकत. मग कागदपत्रे. पासपोर्ट, जर्मनीतला राहण्याचा परवाना आणि विम्याचे हिरवे कार्ड. या कार्डाची एक गंमत होती. पुष्कळ विमे युरोपापुरतेच असत. बॉस्फरस ओलांडून आशियातल्या तुर्कस्तानात शिरले की विमा संपला! आणि बहुतेकांचे गाव तर अनातोलियात, म्हणजे तिकडेच. ज्याने कार्ड नीट वाचले नाही, त्याला ते अपघातानंतर समजे. तुर्की जकातवाले गाडीची नोंद मालकाच्या पासपोर्टवर करीत. ती गाडी बरोबर नेल्याशिवाय देशाबाहेर पडता येत नसे.

पैसेही पाच प्रकारचे लागत. मार्क, शिलिंग, दिनार, लेवा आणि लिरा. खाणे घरचेच : उकडलेली अंडी, बटाटे, पाव, कोफ्ते, चहासाठी गॅसची शेगडी. काटकसर होतीच, हलालचाही प्रश्न होता. शेवटी टपावरचे सामान. शिवणयंत्र, रेडिओ, कपडे, कोणाच्या मुलीच्या लग्नाचे भांडे-कुंडे. माझे अब्बा कुवेतहून यायचे तेव्हा दोरखंडाने आवळलेल्या खोक्यांचा डोंगर विमानतळावरून घरी यायचा. टपावरचे ते ओझे म्हणूनच मला न पाहताही दिसते. कमी सामान घेऊन गावी जाणे म्हणजे परदेशात आपले काही जमले नाही, अशी कबुली असते.

एवढी तयारी करूनही एका गोष्टीचा हिशेब जुळत नसे, तो म्हणजे रजेचा. इस्तंबूलच्या पुढे कायसेरी गाठायचे तर तीन हजार किलोमीटरहून जास्त. युगोस्लाव्हियातला हमरस्ता बहुतेक ठिकाणी दुपदरी आणि मधे दुभाजक नसलेला. त्यावर मालट्रक, ट्रॅक्टर आणि रात्र-रात्र न झोपलेले चालक. अपघात फार होत. सीमेवर तासन्‌तास रांगा. १९७८ ते १९८० या वर्षांत तर रमजान जुलै-ऑगस्टातच आला. मुसाफिराला रोजा सोडण्याची सवलत आहे, ती कित्येकांनी याच रस्त्यावर घेतली असेल. चार आठवड्यांच्या रजेतला आठवडा-दीड आठवडा असा रस्त्यातच जाई.

याच हिशेबातून १९७३ चा मोठा संप उभा राहिला. कोलोनच्या फोर्ड कारखान्याने रजेवरून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे तुर्की कामगारांना काढून टाकले. त्यांचे काम उरलेल्यांवर पडले. २४ ऑगस्टला, शुक्रवारी, काम थांबले. बडतर्फ झालेल्यांना परत घ्या, तासाला एक मार्क वाढवा, पट्ट्याचा वेग कमी करा आणि सहा आठवड्यांची रजा द्या, अशा मागण्या होत्या. ही शेवटची मागणी मला सर्वांत बोलकी वाटते. पगाराइतकीच गावी जाऊन येण्याची मुदत ते मागत होते. ३० ऑगस्टला पोलिसांच्या मदतीने संप मोडला गेला, पुढाऱ्यांना काढले गेले. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी जर्मनीने भरतीच बंद केली. मग एकदा परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या धास्तीने लोकांनी बायकामुलांना तिकडेच बोलावून घेतले. भरती थांबली आणि वस्ती वाढली.

१९८३ च्या अखेरीस जर्मन सरकारने आणखी एक कायदा केला. ठरावीक अटींत बसणाऱ्या परदेशी कामगाराने कायमचे परत जावे, त्याला साडेदहा हजार मार्क आणि मुलामागे दीड हजार मिळतील. १९८४ च्या उन्हाळ्यात कित्येक गाड्या याच रस्त्याने गेल्या, त्या परत यायच्या नव्हत्या. टपावर तेच सामान. पण मागच्या सीटवरच्या मुलांची शाळा, दोस्त, भाषा कोलोनलाच राहिली होती. त्यांच्यासाठी सिला कुठे आणि गुरबत कुठे?

युगोस्लाव्हियातल्या या रस्त्याचे नाव होते ‘बंधुता आणि एकता’. १९९१ मध्ये तिथे युद्ध पेटले आणि झाग्रेब-बेलग्रेडमधला रस्ता बंद झाला. काहींनी हंगेरीवरून वळसा घातला, काहींनी इटलीच्या बंदरातून बोट धरली. पूर्वी जर्मनी ते तुर्कस्तान चार सीमा होत्या, युगोस्लाव्हिया फुटल्यावर सहा झाल्या. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी शेंगेनमध्ये आला, जमिनीवरून बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून. सर्बिया मात्र बाहेरच आहे, त्यामुळे बेलग्रेडमार्गे जाणाऱ्याला तिथे पासपोर्ट दाखवावाच लागतो.

बल्गेरियातल्या स्विलेनग्रादला मारित्सा नदीवर १५२९ चा उस्मानी दगडी पूल अजून उभा आहे. तिथून थोड्याच अंतरावर कापिकुले नाका, आणि नाक्यापलीकडे एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीचे चार मिनार. ते दिसले की मागे झोपलेल्या मुलांना उठवायचे, अशी कित्येक घरांची रीत होती. त्या पहिल्या पिढीतले बरेच लोक आता अल्लाला प्यारे झाले. जर्मनीतल्या तुर्की मशिदींच्या संघटनेने मय्यतीसाठी निधी उभारला आहे. सभासद वारला की त्याची मय्यत विमानाने गावी पाठवतात. कोलोनहून इस्तंबूलला विमानाने तीन-साडेतीन तास लागतात.