शरणपूरची पोरं

आमच्या घरात दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. आजी कंदिलाची काच पुसायची, पदर डोक्यावर घ्यायची, गुडघे टेकायची आणि देवाशी बोलायला लागायची. बोलणं कसलं, हुज्जतच ती. “बापा, विहिरीनं तळ गाठलाय. तू बघतोस ना? मग?” मला लाज वाटायची. देवाला असं कुणी दटावतं का? विचारलं, तर म्हणाली, “ज्याच्यावर भरवसा, त्यालाच हक्कानं मागायचं. अन् आमेन म्हटलं की पाय उचलायचा. नुसतं गुडघ्यावर बसून पाणी येत नाही.” दुसऱ्या दिवशी अंधारातच ती हंडा घेऊन लांबच्या झऱ्यावर निघायची.

बुधवारच्या बाजाराला तिच्यासोबत नाशकात जायचो. सीबीएसला उतरून शरणपूर रोडनं चालताना ती एकदा म्हणाली, “हितं आफ्रिकेतली पोरं राहायची. गुलाम होती.” मला वाटलं, म्हातारी गोष्ट रचतेय. पुढं वाचायला लागलो, तेव्हा कळलं की गोष्ट खरी होती.

विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नाशिकजवळ ख्रिस्ती लोकांची ही वस्ती उभी केली. इंग्रजी आरमार समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. त्यांतून सुटलेली काही आफ्रिकन मुलं इथं आणली गेली. आईबाप कुठं, गाव कुठलं, काही पत्ता नाही. इथं ती लिहायला-वाचायला, सुतारकाम-लोहारकाम शिकली आणि प्रार्थनाही शिकली.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी आफ्रिकेच्या आतल्या मुलखात होता. त्याच्या मदतीला 1872 साली जी माणसं गेली, त्यांत जेकब आणि नाशिकची आणखी काही पोरं होती. 1 मे 1873 च्या पहाटे चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात लिव्हिंग्स्टन खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मरण पावलेला सापडला.

आता करायचं काय? मालक गेला, मुलूख परका. प्रेत सोबत असलं तर गावोगावचे लोक वाट अडवणार. तिथंच पुरून मोकळं झालं असतं, तर कुणी बोल लावला नसता. पण चुमा आणि सुसी या जुन्या सोबत्यांसह सगळ्यांनी ठरवलं, देह त्याच्या माणसांपर्यंत पोचवायचा. काळीज झाडाखाली पुरलं. जेकबनं दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेतला.

वाटेत कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. त्यानं सांगितलं, इथंच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. पुढं एका ठिकाणी लोक प्रेत नेऊ देईनात, तेव्हा खोटं गाठोडं मागं पाठवलं आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढं काढला. दीडेक हजार किलोमीटरची वाट तुडवून ते फेब्रुवारी 1874 मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले. 18 एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्यांत शरणपूरचा जेकब होता.

पुढं 1875 साली प्राइसनं मोम्बासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसवलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं नाव त्या गावाला दिलं. नाशिकची बरीच आफ्रिकन माणसं तिकडं जाऊन राहिली. ज्यांना कधीकाळी दोरखंडानं बांधून नेलं होतं, तीच आता नव्यानं सुटून येणाऱ्यांना आसरा द्यायला उभी राहिली.

आजीनं पावसासाठी मागितलं, त्या वर्षी पाऊस आलाच नाही. शेळ्या विकाव्या लागल्या. तरी दिवे लागले की ती गुडघे टेकायचीच आणि पहाटे हंडा उचलायचीच. मला तेव्हा तो हट्ट वाटायचा. आता शरणपूर रोडनं जाताना जेकबचा खांदा आणि आजीचा हंडा मला एकदमच आठवतात. ओझं दोघांच्याही माथ्यावरून उतरलं नव्हतं. पण दोघांनीही आमेन म्हटलं होतं आणि पाय उचलला होता.