कांचनबारीचा रस्ता: १६७० ची खिंड आणि माझी जीपीएक्स फाईल

आजचा भाग सायकलचा आहे, पण त्यात १६७० सालची एक लढाई आहे, एक मोजणीचं चाक आहे आणि थोडी माझी फजिती पण आहे. फजितीपासूनच सुरू करतो.

आधी जागा समजून घ्या. देवळा हे नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. उत्तरेला गिरणा नदी आणि दक्षिणेला सातमाळा डोंगररांग. धोडप, कांचना, राजधेर, इंद्राई असे किल्ले एका ओळीत उभे करत ही रांग पूर्वेला चांदवडपर्यंत जाते. ती ओलांडायची तर खिंड शोधावी लागते, आणि आमच्या भागात खिंडीला म्हणतात 'बारी'. भावडबारी, कांचनबारी, वर बागलाणात सेलबारी, डोलबारी. रांगेच्या उत्तरेला पडलेला पाऊस गिरणेतून तापीला आणि अरबी समुद्राला जातो. दक्षिणेला पडलेला गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे बारीत सायकल उभी करून बाटली ओतली, तर पाणी कुठल्या समुद्राला जाणार हे तुम्ही ठरवू शकता!

तर झालं असं. जूनचा शेवटचा आठवडा, दोन पाऊस पडून गेलेले. मी एका रूट प्लॅनिंग साईटवर बसून देवळ्याहून सातमाळा ओलांडून महामार्गाला लागायचा रूट आखला. नेहमीचा भावडबारीचा डांबरी रस्ता होताच. पण मला ट्रकांची गर्दी नको होती, म्हणून 'सर्वात जवळचा' हा पर्याय निवडला. साईटने डोंगरातून जाणारी एक बारीक रेघ दाखवली. अंतर चांगलंच वाचत होतं. फाईल हँडलवरच्या जीपीएसमध्ये टाकली आणि दुपारी साडेतीनला निघालो.

पहिला तासभर मजेत गेला. मग डांबर संपलं, मुरूम लागला. मुरूम संपून शेताच्या बांधाची वाट लागली, आणि ती वाट एका नाल्याच्या काठावर येऊन थांबली. नाल्याला पाणी होतं. स्क्रीनवर मात्र रेघ नाल्यातून सरळ पलीकडे गेलेली. मी बाजूने वाट काढायला गेलो की यंत्र पीं पीं करायचं, 'रूट सोडला, रूट सोडला'. उजेड कमी होत चालला, फोनला रेंज नाही, आणि मी तरीही पंधरा मिनिटं त्या रेघेवर परत यायची धडपड करत होतो. यंत्र सांगतंय म्हटल्यावर रस्ता असणारच, असं डोक्यात घट्ट बसलेलं.

मागून एक म्हातारे बाबा दोन बैल घेऊन आले. म्हणाले, "कथा जाई राह्यना भाऊ?" मी महामार्गाकडे बोट केलं. ते हसले. ही वाट बकऱ्यांची आहे, म्हणाले. चाकाची बारी वेगळी, माणसाची वेगळी. मग त्यांनी मला मागे वळवून गाडीवाटेला लावून दिलं. अंधार पडायच्या आत डांबरावर आलो.

चूक माझीच होती, पण बाबांचं वाक्य डोक्यातून जाईना. चाकाची बारी वेगळी, माणसाची वेगळी. आणि तिथूनच मला १६७० आठवलं.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. ही गोष्ट आपण शाळेत वाचतो, आणि बहुतेकांची ती तिथेच संपते. खरा अवघड भाग पुढे होता. लूट घेऊन परत जायचं कसं? हजारो घोडी, लादलेली जनावरं, आणि मागावर मुघल. महाराज मुल्हेरवरून बागलाणातून खाली आले. सुरतेहून सातमाळा हवाई अंतराने दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये सह्याद्रीचे फाटे आडवे. स्वराज्याकडे जायचं तर सातमाळ्याची भिंत ओलांडायलाच हवी, आणि लादलेली जनावरं कुठूनही ओलांडू शकत नाहीत. त्यांना चालेल अशी बारी हवी. ती होती कांचनबारी, कांचना किल्ल्याच्या बाजूची.

आता दुसरी बाजू बघा. मुघल सरदार दाऊदखान कुरेशी बुऱ्हाणपूरकडून धावत आला आणि रात्री चांदवडला पोचला. तिथे त्याला हेरांनी बातमी दिली, की मराठे बारी उतरून नाशिककडे निघालेत आणि मागे राहिलेल्यांना गोळा करायला अर्धी फौज बारीतच आहे. दाऊदखान मध्यरात्री पुन्हा निघाला. अंधारात त्याची फौज एकत्र राहिली नाही. पहाटे आघाडीचा इखलासखान मियाना मागच्यांची वाट न बघता मराठ्यांवर तुटून पडला आणि जखमी झाला. १७ ऑक्टोबर १६७० ला दिवसभर लढाई झाली. मुघलांचं मोठं नुकसान झालं आणि लूट सुखरूप पुढे गेली. इतिहासात हिला वणी-दिंडोरीची किंवा कांचनबारीची लढाई म्हणतात. मुघलांकडून भीमसेन सक्सेना नावाचा माणूस या मोहिमेत हजर होता, आणि त्याने 'तारीख-ए-दिलकुशा' या फारसी ग्रंथात हे लिहून ठेवलं.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन्ही फौजांना बारी माहीत होती. फरक पडला तो तपशिलात: कुठल्या बारीतून लादलेलं जनावर जाईल, किती वेळात जाईल, मागच्यांसाठी कुठे थांबायचं. मराठ्यांनी हा हिशोब आधी केला होता. दाऊदखान तो रात्रीच्या अंधारात करत होता. सुरत सोडल्यापासून लढाईपर्यंत साधारण बारा दिवस. त्यात रूट आखणं, तो पाळणं आणि बदललेल्या बातमीप्रमाणे सांभाळणं, तिन्ही आलं.

ही माहिती तेव्हा माणसांच्या डोक्यात असायची. ती कागदावर यायला लागली अठराव्या शतकात, आणि ती आणली एका चाकाने! ईस्ट इंडिया कंपनीचा सर्व्हेअर जेम्स रेनेल १७६७ मध्ये बंगालचा सर्व्हेअर जनरल झाला. त्याच्या काळातले लोक फौजेबरोबर चालताना पेराम्ब्युलेटर नावाचं चाक ढकलत न्यायचे. चाकाचे फेरे मोजायचे, होकायंत्राने दिशा लिहायची, असा एकेक रस्ता नोंदवायचा. हे ओळखीचं वाटतं ना? सायकलच्या चाकाला सेन्सर लावतो, तो हेच करतो. रोड बाईकच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असतो. सेटिंगमध्ये घेर एक टक्का चुकला, तर १०० किलोमीटरच्या राईडला एक किलोमीटरचा फरक पडतो. चिखलात चाक घसरलं की रेनेलच्या माणसांचंही असंच चुकायचं.

म्हणून पुढे त्रिकोणांची मोजणी आली. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरुवात केली आणि डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथा बघत तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ मध्ये काम चालू असतानाच तो आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. जीपीएसमागचा विचार याच घराण्यातला. फक्त डोंगरमाथ्यांच्या जागी २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह आले, आणि कोन मोजण्याऐवजी सिग्नलला लागलेला वेळ मोजायला लागले. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जागा ३०० मीटर चुकते. म्हणून चार उपग्रह लागतात: तीन जागेसाठी, चौथा तुमच्या यंत्राच्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला.

ही यंत्रणा अमेरिकी लष्कराची. १ सप्टेंबर १९८३ ला रस्ता चुकून सोव्हिएत हद्दीत गेलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं आणि २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने सांगितलं, की जीपीएस सामान्य लोकांनाही मिळेल. पण मुद्दाम बिघडवलेलं! चूक शंभर मीटरपर्यंत असायची. २ मे २००० ला ती बिघाडी बंद केली, आणि तेव्हापासून हँडलवर लावायचं यंत्र कामाचं झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत एन्डेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. २००४ मध्ये लंडनला स्टीव्ह कोस्टने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला, लोकांनी मिळून काढायचा नकाशा. आपल्याकडे १५ फेब्रुवारी २०२१ ला नियम मोकळे झाले आणि भारतीय लोकांना नि कंपन्यांना नकाशे बनवायला आधी परवानगी घ्यायची गरज उरली नाही.

आता माझ्या नाल्याकडे परत येऊ. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, तरी हे मला आधी सुचलं नाही याची लाज वाटते. जीपीएक्स फाईलमध्ये रस्ता नसतोच. त्यात फक्त ठिपके असतात: अक्षांश, रेखांश, उंची. यंत्र ठिपके जोडून रेघ काढतं आणि तुम्ही रेघेपासून किती लांब आहात एवढंच बघतं. तो नाला आहे की डांबर, हे त्याला ठाऊक नसतं. रूट निवडणारं गणित एडस्गर डाइक्स्ट्राने १९५६ मध्ये सुचवलं आणि १९५९ मध्ये छापलं. ते चोख आहे. पण नकाशात बकऱ्यांच्या वाटेवर 'इथे चाक जात नाही' असं कोणी लिहिलंच नसेल, तर ते गणित त्या वाटेला आनंदाने रस्ता समजतं.

उंचीचंही तसंच. रडारच्या मोजणीत जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन आहेत. घाटात रस्ता डोंगराच्या कडेने जातो. रेघ २० मीटर बाजूला सरकली, तर ४५ अंशांच्या उतारावर उंची २० मीटरने बदलते. म्हणून घाटातल्या रूटचा चढ स्क्रीनवर बऱ्याचदा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. यंत्रातला हवेच्या दाबाचा सेन्सर जास्त भरवशाचा, पण पाऊस येताना दाब उतरतो आणि एका मिलिबारला यंत्राला वाटतं की आपण आठ-नऊ मीटर वर चढलो. उभ्या कड्याखाली सिग्नल दगडावर आपटून येतो, मग तुम्ही उभे असता बारीत आणि ठिपका दरीत.

म्हणून आता मी काय करतो? रूट आखून झाला की तो उपग्रहाच्या फोटोवर ठेवून बघतो. डांबर संपतं तिथे खूण करतो. नाले मोजतो. 'रूट सोडला'चा आवाज आला की आधी उतरून आजूबाजूला बघतो. एक छापील कागद खिशात असतो, गावांची नावं ओळीने लिहिलेला, कारण बॅटरी संपली तरी गावाचं नाव विचारता येतं. आणि सगळ्यात मोठं काम: राईडमध्ये भेटणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विचारतो, ही बारी कुठली, हिला काय म्हणतात, बैलगाडी जाते का. घरी आल्यावर ते मोकळ्या नकाशात भरतो. मुरूम, डांबर, पायवाट, चाक जातं, चाक जात नाही.

कारण ही माहिती अजून डोक्यातच आहे, आणि ती डोकी आता सत्तर-ऐंशीची आहेत. डांबरी घाट झाल्यापासून जुन्या बाऱ्यांनी कोणी जात नाही. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत विचारायला माणूस उरणार नाही, आणि मग नकाशात फक्त एक बारीक, बिननावाची रेघ राहील.

मी नंतर त्या भागात पुन्हा गेलो, बाबांना शोधायला. भेटले नाहीत. पण त्यांनी दाखवलेली गाडीवाट मी नकाशात भरली आहे. तुमच्या गावाजवळ अशी कुठली बारी, खिंड, पाणंद असेल, तर या रविवारी घरातल्या आजोबांना तिचं नाव विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ती नावं वाचून दाखवेन. तोवर हेल्मेट घाला, मागचा दिवा चालू ठेवा. भेटूच!