मुंबईंतील कुत्र्यांचा दंगा

विलायतेंतील कित्येक गांवीं उन्हाळ्याचे ठराविक महिने समुद्रकिनाऱ्यावर कुत्र्यांना मज्जाव असतो. असा मोसमी नियम कागदावर लिहिणें सोपें. तो अंमलांत कोणीं व कसा आणावा, हा प्रश्न बिकट. याचें एक जुनें उदाहरण मुंबईच्या इतिहासांत आहे. तेथें नुसता मज्जाव नव्हता, वध होता. आणि तोही मोसमानेंच चाले.

१८१३ सालच्या नियमानें बेवारशी कुत्रीं मारण्याची मुभा पोलिसांस मिळाली. त्यासाठीं १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असे दोन काळ ठरले. उन्हाच्या तापानें कुत्रें पिसाळतें, अशी त्या वेळची समजूत. ती खोटी आहे. हा रोग विषाणूनें होतो आणि विषाणु पंचांग पाहून येत नाहीं. लोकांची भीति मात्र खोटी नव्हती. पाश्चरची लस १८८५ सालची. तोंपर्यंत पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर खात्रीचा उपाय असा नव्हताच.

१८३२ सालीं पोलिस मॅजिस्ट्रेटनें उन्हाळी मुदत १५ जूनपर्यंत वाढविली. मारलेल्या दर कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस होतें. सारा घोटाळा या आठ आण्यांत आहे. भटकें कुत्रें माणसाची चाहूल लागतांच पळतें, धरूं गेल्यास चावतें. पाळलेलें कुत्रें ओटीवर विश्वासानें बसलेलें असतें. मोल दोघांचें सारखेंच! मग काठी कोणावर पडावी, हें सांगावयास नको. घराच्या आवारांतून कुत्रीं ओढून नेल्याच्या तक्रारी होऊं लागल्या.

कोटांत त्या काळीं पारशांची दाट वस्ती होती. पारशांच्या धर्मांत कुत्र्याचें स्थान फार मोठें. मृताचें दर्शन कुत्र्यास घडविण्याचा 'सगदीद' हा त्यांच्या अंत्यविधींतील आवश्यक भाग आहे. डोळ्यांवर दोन ठिपके असलेलें 'चार डोळ्यांचें' कुत्रें त्यास उत्तम मानतात. परलोकीं जाणाऱ्या चिन्वत पुलावरही कुत्रीं राखणीस असतात, अशी श्रद्धा आहे. अशा लोकांच्या दारांत, आणि तेंही त्यांच्या पवित्र दिवशीं, ता. ६ जून १८३२ रोजीं, कुत्रीं मारणारे शिपाई येऊन उभे राहिले. जमावानें त्यांना चोप दिला.

दुसऱ्या दिवशीं कोटांतील बाजार बंद पडला. आरंभ पारशांनीं केला, पण जीवहत्या पाप मानणारे जैन व हिंदु वाणी त्यांस मिळाले, कांहीं मुसलमानही मिळाले. दत्ताच्या पायांशीं चार कुत्रीं पाहणाऱ्या शहरांत यांत नवल तें काय? या हरताळाचा खरा चिमटा बसला तो कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला. कुलाब्याचा बांध १८३८ सालचा. तत्पूर्वीं भरतीच्या वेळीं कुलाबा बेटच होई, आणि तेथील शिपायांचें खाणेंपिणें रोज शहरांतून जाई. तेंच अडविण्यांत आलें! तेव्हां सरकारनें दंग्याचा कायदा वाचून दाखविला, फौज बोलाविली, धरपकड केली, आणि पुढें कित्येकांस शिक्षाही झाल्या.

दंग्याच्या अग्रभागीं सामान्य लोक होते. सरकारशीं व्यापाराचे व स्नेहाचे संबंध असलेले शेटजी यांत पडले नाहींत. पण मागाहून शिक्षा झालेल्यांसाठीं दयेचे अर्ज त्यांनींच केले, आणि त्यांत जमशेटजी जीजीभाई पुढें होते. त्यांस कोणी भित्रे म्हणो. तुरुंगांत गेलेल्या माणसांच्या उपयोगीं हीच धडपड पडणार होती. सरकारलाही एक पाऊल मागें घ्यावें लागलें. कुत्रीं जागच्याजागीं न मारतां शहराबाहेर न्यावींत, अशी तडजोड झाली.

परंतु शहराबाहेर नेलेल्या जनावराचें पुढें काय? दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी व शेट अमीचंद शहा यांनीं मुंबईचें पांजरापोळ स्थापिलें. एक पारशी, दुसरे जैन. निराधार जनावरांस, त्यांत कुत्र्यांसही, तेथें आसरा मिळूं लागला. भुलेश्वराजवळ तें पांजरापोळ अद्याप आहे. आज तेथें मुख्यतः गाईच दिसतात.