रेड हिलच्या टाक्या आणि त्यांखालील पाणी

होनोलुलूनजीकच्या रेड हिल या ज्वालामुखी खडकाच्या डोंगराचे मूळ हवाईयन नाव कापूकाकी असे आहे. शासकीय कागदपत्रांत मात्र हे नाव क्वचितच आढळते. या डोंगराच्या पोटात १९४० ते १९४३ या काळात अमेरिकी आरमाराने इंधनाच्या २० टाक्या बांधल्या. प्रत्येक टाकी सुमारे २५० फूट उंच असून तीत सव्वा कोटी गॅलन इंधन मावत असे. टाक्यांच्या तळापासून भूजलाची पातळी अवघी १०० फूट खाली होती, आणि होनोलुलूचा पाणीपुरवठा याच भूजलावर अवलंबून होता.

जानेवारी २०१४ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा भरलेल्या पाचव्या टाकीतून सुमारे २७,००० गॅलन विमानइंधन गळाले. त्यानंतर २०१५ मध्ये झालेल्या करारान्वये निरीक्षण-विहिरी वाढविणे व भूजलाच्या प्रवाहाचा अभ्यास करणे ही कामे आरमाराकडे आली. हे काम दिसते तितके सरळ नव्हे. लाव्हाचे थर एकजिनसी नसतात. त्यांतील भेगा, पोकळ्या आणि सुटे तुकडे यांतून पाणी वाकडेतिकडे वाहते. इंधनाचा काही अंश पाण्यावर तरंगतो, काही त्यात विरघळतो, आणि बराचसा वरच्या खडकातच अडकून राहतो. म्हणून एका विहिरीचा नमुना निर्मळ निघाला, तर त्यातून त्या विहिरीपुरतेच काय ते सिद्ध होते. प्रवाहाच्या दिशेविषयी आरमार व होनोलुलूचे पाणीपुरवठा मंडळ यांच्यात मतभेद राहिले, त्याचे मूळ येथेच आहे.

प्रत्यक्ष अनर्थ मात्र टाकीतून झालाच नाही. ६ मे २०२१ रोजी इंधन एका ठिकाणाहून दुसरीकडे नेत असता नळ फुटला. सांडलेले इंधन सुमारे १,६०० गॅलन असून ते बहुतेक गोळा केले, असा हिशेब प्रथम मांडण्यात आला. वस्तुतः ते २०,००० गॅलनांच्या आसपास होते, आणि उरलेले सारे अग्निशामक व्यवस्थेच्या निचरा-नळात जाऊन बसले होते. या तफावतीचा छडा वेळीच लागला असता, तर पुढचे टळले असते. २० नोव्हेंबरला बोगद्यातील गाडीचा धक्का त्या नळाच्या झडपेला बसला, इंधन बाहेर पडले आणि आरमाराच्याच पाणीपुरवठ्याच्या विहिरीत उतरले. पाण्याला इंधनाचा वास येतो, अशा तक्रारी नळावर पाणी भरणाऱ्या कुटुंबांनी केल्या तेव्हा प्रकरण उजेडात आले. इतक्या निरीक्षण-विहिरी असताना पहिली वार्ता दिली ती माणसांच्या नाकाने! सुमारे ९३,००० लोकांच्या पाणीपुरवठ्याला याची झळ बसली. डिसेंबरच्या आरंभी पाणीपुरवठा मंडळाने आपली हालावा येथील विहीर सावधगिरी म्हणून बंद केली.

७ मार्च २०२२ रोजी ही भांडारे कायमची बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. ऑक्टोबर २०२३ पासून दहा कोटी गॅलनांहून अधिक इंधन उपसण्यात आले. तथापि, टाक्या रिकाम्या झाल्या म्हणून खडकात मुरलेले इंधन नाहीसे होत नाही. पावसाचे पाणी खाली झिरपताना त्यातील अंश बरोबर नेऊ शकते. त्यामुळे उपसा संपल्यानंतरही विहिरींतून नमुने घेणे चालू ठेवावे लागते.