शारदासदन
हिंदू विधवांना शिक्षण देऊन स्वावलंबी करण्यासाठी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी स्थापिलेली निवासी संस्था. रमाबाईंच्या अमेरिकेतील व्याख्यानांमुळे १८८७ मध्ये बॉस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली व तिने दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे मान्य केले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन सुरू झाले. १८९० मध्ये ते पुण्यास नेण्यात आले.

रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. तथापि सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असे धोरण होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांसारखे सुधारक सल्लागार होते. काही मुली रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस बसू लागल्याने वाद उद्‌भवला. केसरीने टीका केली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदन मात्र टिकले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराश्रित मुलींसाठी रमाबाईंनी केडगाव (जि. पुणे) येथे मुक्तिसदन उभारले, ते उघडपणे ख्रिस्ती होते.

सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. सदनाने गमावलेला हिंदू समाजाचा विश्वास या आश्रमास क्रमाने लाभला. परंतु विधवेस घराबाहेर ठेवून शिकविता येते, हे त्याआधीच शारदासदनाने दाखविले होते.