नारी सुवर्ण

मांसासाठी संकरातून तयार केलेली महाराष्ट्रातील मेंढी. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने (‘नारी’) ती विकसित केली. एका वेताला एकच कोकरू देणाऱ्या दख्खनी मेंढीत जुळ्यांचे जनुक आणणे, हा या संकराचा गाभा होय.

मांसासाठी जनावर पाळताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : मादी किती पिले देते आणि ती किती झपाट्याने वाढतात. सशात पहिली बाजू मुळातच भक्कम असते. एकतीसेक दिवसांचा गर्भकाळ आणि वेताला सहा-आठ पिले. त्यामुळे न्यूझीलंड व्हाइट आणि कॅलिफोर्नियन यांसारख्या जातींचा संकर करताना भर राहतो तो वाढीवर आणि मांसाच्या प्रतीवर. मेंढीचे उलट आहे : गर्भकाळ पाच महिन्यांचा, आणि दख्खनीला जुळे क्वचितच होते. या जातीचे लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी असे उपप्रकार मानले जातात. त्यांतील संगमनेरी नाशिक-अहिल्यानगर भागातला. दख्खनीची काळी, जाडीभरडी लोकर घोंगडीच्या कामाची. पण घोंगडीची मागणी घटल्यापासून मेंढपाळाचा प्रपंच मुख्यतः कोकरांच्या विक्रीवर आणि शेतात मेंढ्या बसवण्याच्या मोबदल्यावर चालतो. विकायला कोकरू एकच असेल, तर ते कितीही चांगले वाढवले तरी मिळकतीला मर्यादा पडते.

जुळ्यांचे जनुक आले ते बंगालमधून. सुंदरबनातील गरोल मेंढी जेमतेम १० ते १५ किलो वजनाची, पण दोन-तीन कोकरे देणारी. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून काही मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. पुढे तिथल्या बूरूला नावाच्या मेरिनो कळपात जुळ्या-तिळ्यांचे प्रमाण असाधारण आढळले आणि त्यामागे एकच प्रभावी जनुक असल्याचे १९८०च्या दशकात मांडले गेले. त्याला ‘फेक-बी’ म्हणतात. २००१ मध्ये संशोधकांच्या तीन स्वतंत्र गटांनी त्याचा नेमका ठाव लावला : एका प्रथिनात २४९व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येते आणि एका माजात अंडाशयातून अधिक बीजे सुटतात. बूरूलाचे हे जनुक मूळचे बंगालचे, हे गरोलच्या तपासणीतून स्पष्ट झाले.

फलटणला डॉ. चंदा निंबकर यांच्या पुढाकाराने गरोल मेंढ्या आणल्या गेल्या. ऑस्ट्रेलियन अर्थसाह्याच्या प्रकल्पात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील विद्यापीठे सहभागी होती. गरोल-दख्खनीची पहिली पिढी आकाराने लहान निपजते. तिची कोकरे बाजारात मार खातात. म्हणून ती पुन्हा मोठ्या अंगाच्या मेंढ्यांशी जुळवायची, दर पिढीत डीएनए चाचणीने जनुक असलेली जनावरे तेवढी ठेवायची, असा क्रम पाळला गेला. जनुक गरोलचे, शरीर दख्खनीचे, हे सूत्र. पुढे मांसासाठी नावाजलेली कर्नाटकातील मंड्याकडची बन्नूर आणि दुधासाठी मध्यपूर्वेतील आवासी यांचेही रक्त त्यात आले. दुधाचा विचार फार मोलाचा होता. कारण दोन कोकरे जन्माला घालणे आणि दोन जगवणे यांत मोठे अंतर आहे.

दख्खनीच्या १०० वेतांना शंभराहून थोडीच अधिक कोकरे मिळतात. फेक-बीची एक प्रत असलेल्या मेंढीकडून साधारण १४० ते १६०. दोन प्रती असल्या तरी कोकरांची सरासरी त्या मानाने फारशी चढत नाही, तिळ्यांचा धोका मात्र वाढतो. माळरानावर चरणाऱ्या मेंढीचे दूध तिघांना पुरत नाही.

जुळ्यांतील प्रत्येक कोकरू एकट्या कोकरापेक्षा हलके असते. विल्यावर मेंढी कधी एकालाच चाटते आणि दुसऱ्याला ढुशी देऊन दूर लोटते. अशा वेळी तिला धरून ठेवायचे, दोन्ही कोकरांना पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजायचा, अशक्त कोकराला डालग्याखाली उबेला ठेवायचे आणि त्याआधी गर्भकाळाच्या शेवटच्या दीड महिन्यात मेंढीला भरड्याचा खुराक द्यायचा. वाडा घेऊन सतत चालणाऱ्या धनगर कुटुंबाला, विशेषतः त्यातील बायकांना, हे काम जादा पडते. संकराचा हिशेब मांडताना तेही धरले पाहिजे. एका जागी राहून कळप सांभाळणाऱ्याला नारी सुवर्ण अधिक मानवते, असे माझे मत आहे. नाशिककडच्या सिन्नर, येवला, नांदगाव यांसारख्या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत शेतीजोड म्हणून पंधरा-वीस मेंढ्या राखणाऱ्यांनी तिचा विचार जरूर करावा. मात्र आपल्या संगमनेरी दख्खनीच्या चांगल्या माद्या विकून टाकू नयेत. संकर त्यांच्यावरच उभा राहतो.

जनुक डोळ्यांना दिसत नाही. अंगाने भरलेला, देखणा मेंढा जनुकाविना असू शकतो. शिवाय मेंढ्याचा गुण त्याच्या मुली विल्यावरच, म्हणजे दीड-दोन वर्षांनी कळतो. दोन प्रती असलेल्या मेंढ्याच्या सर्व मुलींत जनुक उतरते, एक प्रत असलेल्याच्या सुमारे निम्म्या मुलींतच. म्हणून मेंढा विकत घेताना तोंडी भरवशावर जाऊ नये; रक्तचाचणीचा दाखला मागून त्यात प्रती किती आहेत ते पाहावे.