रशिया–युक्रेन युद्धातील सैनिकी हानीविषयीचा वाद

रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले. तेव्हापासून दोन्ही बाजूंचे किती सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले आणि त्या मोलाने कोणी काय मिळवले, यावर राज्यकर्ते, सेनाधिकारी, पत्रकार व लष्करी अभ्यासक यांच्यात वाद चालू आहे. युद्ध चालू असताना हानीचा आकडा शत्रूपासून लपवला जातो आणि बहुधा स्वतःच्या जनतेपासूनही. त्याच आकड्याच्या आधारे एखादे शहर राखावे की सोडावे, सैन्यभरतीचे वय किती असावे व मित्रराष्ट्रांनी शस्त्रे किती द्यावीत, हे ठरते. त्यामुळे आकड्यांचा वाद आणि युद्धनीतीचा वाद एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. या लेखातील आकडे मुख्यतः २०२५ च्या मध्यापर्यंतचे आहेत.

संज्ञा

लष्करी परिभाषेत ‘हानी’ या संज्ञेत ठार, जखमी, बेपत्ता आणि शत्रूच्या हाती सापडलेले असे सर्व सैनिक मोडतात. ‘भरून न येणारी हानी’ या संज्ञेत सामान्यतः मृत, बेपत्ता व युद्धकैदी यांचा, तर काही वेळा पुन्हा लढण्यास असमर्थ ठरलेल्या जखमींचाही समावेश होतो. वृत्तपत्रांत मात्र हानीचा एकूण आकडा कधी कधी ‘बळी’ वा ‘ठार’ म्हणून छापला जातो आणि मृतांची संख्या अनेक पटींनी फुगते.

ही गफलत केवळ वृत्तपत्रांपुरती मर्यादित नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांनी एका ध्वनिचित्रफितीत युक्रेनचे एक लाखाहून अधिक सैनिक मारले गेल्याचे सांगितले. युक्रेनने आक्षेप घेताच ते वाक्य वगळून चित्रफीत पुन्हा प्रसृत करण्यात आली. तो आकडा मृत व जखमी मिळून होता, असा खुलासा आयोगाने केला.

जखमींची गणना आणखी अवघड असते. एकच सैनिक दोनदा जखमी झाला तर नोंदी दोन होतात आणि किरकोळ जखमी झालेले बरेच जण पुन्हा आघाडीवर परततात.

रशियाची अधिकृत भूमिका

रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने २ मार्च २०२२ रोजी ४९८, तर २५ मार्च २०२२ रोजी १,३५१ सैनिक ठार झाल्याचे जाहीर केले. २१ सप्टेंबर २०२२ रोजी संरक्षणमंत्री सेर्गेई शोइगू यांनी ही संख्या ५,९३७ असल्याचे सांगितले. त्यानंतर मंत्रालयाने एकूण मृतांचा आकडा दिलेला नाही. सोव्हिएत संघाने अफगाणिस्तानात सुमारे नऊ वर्षांत अंदाजे १५,००० सैनिक गमावले होते. ती स्मृती रशियन समाजात अजून ताजी आहे.

या मौनाला कायद्याचाही आधार आहे. शांतताकाळातील ‘विशेष मोहिमां’मध्ये झालेली सैनिकी हानी गोपनीय ठरवणारा आदेश राष्ट्राध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांनी मे २०१५ मध्येच काढला होता. ४ मार्च २०२२ रोजी संमत झालेल्या कायद्यानुसार सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवणाऱ्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

युक्रेनची अधिकृत भूमिका

युक्रेनचे लष्करी मुख्यालय रशियाच्या हानीचा आकडा रोज प्रसिद्ध करते. जून २०२५ मध्ये हा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. त्यात मृत व जखमी दोन्ही धरलेले असतात. तो एका युद्धमान पक्षाचा दावा असल्याने अभ्यासक तो जसाच्या तसा स्वीकारत नाहीत.

स्वतःच्या हानीबाबत युक्रेननेही दीर्घकाळ मौन पाळले. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की यांनी ३१,००० सैनिक मारले गेल्याचे सांगितले. ८ डिसेंबर २०२४ रोजी त्यांनी ४३,००० मृत आणि जखमींवरील उपचारांच्या ३,७०,००० नोंदी असे आकडे दिले व जखमींपैकी सुमारे निम्मे सैनिक पुन्हा सेवेत परतल्याचे नमूद केले. मृतांच्या या आकड्यांत बेपत्ता सैनिक धरलेले नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष संख्या अधिक असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

स्वतंत्र गणना

सरकारी माहितीच्या अभावी स्वतंत्र गणनेच्या काही पद्धती पुढे आल्या.

नावांची यादी: ‘मीडियाझोना’ हे रशियन वृत्तसंकेतस्थळ व बीबीसीची रशियन सेवा स्वयंसेवकांच्या मदतीने मृत रशियन सैनिकांची नावे गोळा करतात. मृत्युलेख, समाजमाध्यमांवरील नातेवाइकांचा मजकूर, स्थानिक प्रशासनाच्या घोषणा व दफनभूमींतील नव्या कबरी हे त्यांचे मुख्य आधार आहेत. २०२५ मध्ये या यादीने एक लाख नावांचा टप्पा ओलांडला. प्रत्येक मृत्यूची जाहीर नोंद होत नसल्याने ही संख्या किमान मानली जाते.

वारसा नोंदी: ‘मीडियाझोना’ व ‘मेदुझा’ यांनी मृतांच्या मालमत्तेच्या वारसा नोंदी तपासून पुरुषांचे नेहमीपेक्षा किती अधिक मृत्यू झाले याचा हिशेब मांडला. जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार मे २०२३ अखेर ५० वर्षांखालील सुमारे ४७,००० रशियन पुरुष युद्धात मरण पावले होते. पुढील अभ्यासात २०२४ च्या अखेरीस ही संख्या सुमारे १,६५,००० असल्याचा अंदाज आला.

छायाचित्रांचा पुरावा: ‘ओरिक्स’ हे डच संकेतस्थळ छायाचित्र उपलब्ध असलेल्या नष्ट वा जप्त रणगाड्यांची व इतर सामग्रीची नोंद ठेवते. या पद्धतीने सामग्रीची किमान हानी कळते, मनुष्यहानी कळत नाही.

अमेरिकेतील ‘सेंटर फॉर स्ट्रॅटेजिक अँड इंटरनॅशनल स्टडीज’ या संस्थेने जून २०२५ मध्ये रशियाची एकूण हानी सुमारे साडेनऊ लाख (मृत अडीच लाखांपर्यंत) आणि युक्रेनची सुमारे चार लाख (मृत ६०,००० ते एक लाख) असल्याचा अंदाज दिला.

युद्धनीतीवरील वाद

बाख्मुत

दोनेत्स्क प्रांतातील बाख्मुत हे युद्धापूर्वी सुमारे ७०,००० वस्तीचे शहर होते. ऑगस्ट २०२२ ते मे २०२३ या काळात तेथे झालेली लढाई हे या वादाचे सर्वांत ठळक उदाहरण मानले जाते. २१ डिसेंबर २०२२ रोजी झेलेन्स्की यांनी बाख्मुतच्या सैनिकांनी स्वाक्षऱ्या केलेला ध्वज अमेरिकेच्या काँग्रेसला भेट दिला. त्यानंतर शहराचे प्रतीकात्मक मूल्य त्याच्या लष्करी मूल्यापेक्षा वाढले, अशी टीका झाली.

शहर राखावे असे म्हणणाऱ्यांचा भर हानीच्या गुणोत्तरावर होता. मार्च २०२३ मध्ये नाटोच्या एका अधिकाऱ्याने युक्रेनच्या एका मृत सैनिकामागे रशियाचे पाच, असे प्रमाण सांगितले. शत्रूचे एवढे सैन्य येथे खर्ची पडत असेल तर शहर राखणे योग्य, असा हा युक्तिवाद होता. विरोधकांचे म्हणणे असे की, वॅग्नर या खासगी सैन्याने तुरुंगांतून भरती केलेले कैदी आघाडीवर पाठवले होते. त्यांच्या बदल्यात युक्रेनचे प्रशिक्षित सैनिक मरत असतील, तर केवळ संख्येच्या गुणोत्तराने हिशेब पुरा होत नाही.

शहर घेतल्याचा दावा वॅग्नरचा प्रमुख येवगेनी प्रिगोझिन याने २० मे २०२३ रोजी केला. काही दिवसांतच त्याने आपले सुमारे २०,००० लढवय्ये तेथे मारले गेल्याचे व त्यांत निम्मे कैदी असल्याचे सांगितले. जून २०२४ मध्ये बीबीसीची रशियन सेवा व ‘मीडियाझोना’ यांनी मृतांच्या कुटुंबांना दिलेल्या रकमांची कागदपत्रे तपासली. त्यांतून एकूण संख्या जवळपास तितकीच निघाली. पण मृतांमध्ये कैद्यांचे प्रमाण निम्मे नसून १७,००० हून अधिक, म्हणजे फार मोठे, असल्याचे दिसले.

२०२३ चा प्रतिहल्ला

जून २०२३ मध्ये युक्रेनने झापोरिझ्झिया प्रांतात दक्षिणेकडे चढाई केली. दाट सुरुंगक्षेत्रांत पाश्चात्त्य बनावटीची चिलखती वाहने अडकल्यावर मोठे हल्ले थांबवून पायदळाच्या लहान तुकड्यांनी पुढे सरकण्याचे धोरण अवलंबले गेले. ऑगस्टच्या अखेरीस रोबोतिने हे गाव मिळाले. समुद्रकिनारा गाठण्याचे उद्दिष्ट साध्य झाले नाही. युक्रेनने सारे बळ एकाच दिशेला एकवटून सुरुवातीची हानी सोसायला हवी होती, असे काही पाश्चात्त्य अधिकाऱ्यांचे मत होते. हवाई वर्चस्वाशिवाय असा हल्ला पाश्चात्त्य सैन्यांनी स्वतः कधीच केला नसता, असे युक्रेनच्या बाजूने सांगण्यात आले.

१ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये सरसेनापती व्हालेरी झालुझ्नी यांनी युद्ध कोंडीत सापडल्याचे मान्य केले. रशियाचे किमान दीड लाख सैनिक मारले गेले असून एवढ्या हानीने तो थांबेल असे मानणे ही आपली चूक होती, असेही त्यांनी सांगितले. शत्रूला हानीने झिजवण्याच्या धोरणावर त्याच युद्धातील सेनापतीने दिलेला हा प्रतिकूल अभिप्राय म्हणून या कबुलीला महत्त्व आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या जागी ओलेक्सांद्र सिर्स्की यांची नेमणूक झाली.

आवदिव्का

१७ फेब्रुवारी २०२४ रोजी वेढा टाळण्यासाठी युक्रेनने आवदिव्का शहर सोडले. रशियाच्या बाजूने लढणारा व ‘मुर्झ’ या टोपणनावाने लिहिणारा लष्करी ब्लॉगलेखक आंद्रे मोरोझोव याने या लढाईत रशियाने १६,००० सैनिक गमावल्याचे लिहिले. दबाव आल्याचे सांगून त्याने तो मजकूर काढून टाकला. २१ फेब्रुवारी रोजी त्याच्या मृत्यूची बातमी आली. त्याने आत्महत्या केल्याचे सांगण्यात आले.

कुर्स्क

६ ऑगस्ट २०२४ रोजी युक्रेनने रशियाच्या कुर्स्क प्रांतात प्रवेश केला. समर्थकांच्या मते यामुळे वाटाघाटींसाठी भूमी हाती आली व युद्धाची झळ रशियाला लागली. निवडक तुकड्या तेथे गुंतल्याने पोक्रोव्स्कची आघाडी दुबळी झाली, असे टीकाकार म्हणतात. मार्च २०२५ मध्ये सुजा हे शहर रशियाने परत घेतले. रशियाच्या बाजूने येथे उत्तर कोरियाचे सैनिकही लढले. त्यांच्यापैकी सुमारे ६०० मृत्युमुखी पडल्याचा अंदाज दक्षिण कोरियाच्या गुप्तचर संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये दिला.

मनुष्यबळाचा प्रश्न

रशियाने सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख राखीव सैनिकांना बोलावले. पुढे मुख्यतः मोठ्या रकमांचे आमिष दाखवून करारावर भरती केली. युक्रेनने एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचे किमान वय २७ वरून २५ वर आणले. ते १८ पर्यंत खाली आणावे, असे अमेरिकेने सुचवले होते. शस्त्रे अपुरी असताना तरुण पिढीला आघाडीवर पाठवणे युक्रेनने नाकारले.

रशियन सैन्यात भारतीयांचीही भरती झाली होती. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार अशा १२६ भारतीयांपैकी १२ जण मरण पावले, १६ बेपत्ता होते आणि ९६ मायदेशी परतले होते.

बेपत्ता सैनिक व मृतदेह

ड्रोनच्या टेहळणीमुळे आघाडीवरून जखमींना मागे नेणे व मृतदेह उचलणे धोक्याचे झाले आहे. परिणामी अनेक मृत सैनिक कागदोपत्री दीर्घकाळ ‘बेपत्ता’ राहतात. युक्रेनमध्ये लढताना मरण पावलेल्या सैनिकाच्या कुटुंबास दीड कोटी ह्रिव्निया मिळतात. मात्र त्यासाठी मृत्यू सिद्ध व्हावा लागतो.

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी रशियाच्या उपसंरक्षणमंत्री आन्ना त्सिव्हिल्योवा यांनी संसदीय बैठकीत आप्तांच्या शोधासाठी डीएनए चाचणीचे ४८,००० अर्ज आल्याचा उल्लेख केला. हा आकडा कोठेही प्रसिद्ध करू नये, अशी विनंती संरक्षण समितीचे अध्यक्ष आंद्रे कार्तापोलोव यांनी तेथेच केली. तथापि बैठकीचे चित्रण बाहेर आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडे दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे ५०,००० बेपत्ता व्यक्तींची नोंद होती.

२ जून २०२५ रोजी इस्तंबूल येथे झालेल्या समझोत्यानुसार त्या महिन्यात रशियाने ६,००० हून अधिक मृतदेह युक्रेनकडे सोपवले. उलट दिशेने गेलेल्या मृतदेहांची संख्या शंभराहून कमी होती. या तफावतीवरून युक्रेनची हानी अधिक असल्याचा निष्कर्ष काही जणांनी काढला. परंतु पुढे सरकणाऱ्या सैन्याच्या ताब्यात रणभूमी राहते आणि दोन्ही पक्षांचे मृत त्यालाच सापडतात, म्हणून अशा देवाणघेवाणीवरून एकूण हानीचे प्रमाण ठरवता येत नाही. परत आलेल्या प्रत्येक मृतदेहाची ओळख डीएनए चाचणीने पटवावी लागते. ती पटल्यावरच संबंधित सैनिकाचे नाव बेपत्तांच्या नोंदीतून मृतांच्या नोंदीत जाते.